गाडी कुणाच्या नावावर

"बाई, गाडी बाजूला घ्या. अजून बाजूला. त्या टेम्पोच्या मागं लावा."

घाट उतरायला लागायच्या आधी रस्ता जरा रुंद होतो, तिथं परिवहन खात्याच्या लोकांनी जीप तिरकी लावली होती. माझ्या पुढं एक टेम्पो आणि झेंडूनं भरलेली एक पिकअप उभी होती. मी हँडब्रेक ओढला, पण इंजिन चालूच ठेवलं. इंजिन चालू असलं की आपण निघणारच आहोत असं वाटतं.

"इंजिन बंद करा," खाकीतले साहेब खिडकीशी येऊन म्हणाले. छातीवरच्या पट्टीवर साळवी असं नाव होतं. "मागं काय आहे?"

"अंजीर."

"कुणाचं?"

"माझं. म्हणजे आमच्या घरचं."

त्यांनी हौद्यातलं ओलं गोणपाट उचलून पाहिलं. करंड्या एकावर एक बसवलेल्या होत्या, वर अंजिराचीच पानं. पहाटे तोडलेला माल होता. अंजीर फार नाजूक फळ. सकाळी घट्ट असतं, दुपारी बोट लावलं तरी खड्डा पडतो आणि उन्हात राहिलं तर संध्याकाळपर्यंत त्यावर गांधीलमाश्या घोंगावायला लागतात. मार्केटमधला लिलाव एकदा संपला की त्याला कुणी हात लावत नाही.

याला आता पुष्कळ वर्षं झाली. त्या वर्षी गाड्यांच्या कराचा नियम बदलला होता. आधी पिकअपचा कर दरसाल थोडा थोडा भरायचा असे, आणि कुणाचा माल कुणाच्या गाडीत आहे हे कुणी विचारत नसे. आता शेतकऱ्यानं आपल्या नावच्या गाडीतून आपलाच माल नेला तरच सवलत होती. दुसऱ्याचा माल सापडला तर ती धंद्याची गाडी समजायची, तिचा सगळ्या आयुष्याचा कर एकदम भरायचा आणि भरेपर्यंत गाडी सरकारजमा. वाडीतले लोक डिझेलला हातभार लावून आपल्या पाट्या माझ्याबरोबर पाठवायचे. ते मी नियम आल्यापासून बंद केलं होतं. त्यावरून दोन-तीन घरं माझ्यावर रुसलीही होती. म्हणून त्या दिवशी मी निर्धास्त होते. हौद्यात एकही करंडी परक्याची नव्हती.

"कागद दाखवा."

मी कप्प्यातून पिशवी काढून दिली. साळवी साहेबांनी कागद उघडून पाहिले आणि पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

"मालक दौलत ज्ञानदेव कामथे. तुमचे कोण?"

"थोरले दीर."

"माल त्यांचा आहे का?"

"नाही. त्यांचा मळा वेगळा आहे."

'वेगळा' हा शब्द तोंडातून गेला आणि माझ्या लक्षात आलं की मी काय बोलून बसले.

आमच्या घरात त्या एका शब्दावरून चार वर्षं कोर्टात दावा चालला होता. सासरे, म्हणजे तात्या, अचानक गेले. त्यानंतर दौलतअण्णा म्हणायला लागले, तात्यांनी हयातीतच तोंडी वाटप केलंय, ओढ्याकाठचा खालचा मळा माझा. माझे मालक मुरलीधर म्हणायचे, वाटप झालंच नाही, आपण एकत्रच आहोत, तेव्हा सगळ्यात निम्मं-निम्मं. कोर्टात ते "वेगळे", आम्ही "एकत्र". प्रत्यक्षात मात्र दोन चुली, दोन दारं आणि मध्ये तारेचं कुंपण. ट्रॅक्टर त्यांच्याकडं राहिला, पिकअप आमच्याकडं. पिकअप घेतली तेव्हा घर एक होतं, थोरले म्हणून कागद अण्णांच्या नावानं झाले होते. भांडणानंतर ते बदलायला सह्या लागल्या असत्या, आणि सह्यांसाठी बोलावं लागलं असतं.

"वेगळा म्हणजे वाटप झालंय?" साहेबांनी विचारलं.

"नाही. म्हणजे, कोर्टात आहे."

"बाई, मला कोर्टाशी काही घेणं नाही. गाडी एकाची, माल दुसऱ्याचा. माझ्या लेखी ही भाड्याची वाहतूक झाली. गाडी आमच्या आवारात जाईल."

"किती दिवस?"

"कर भरून नावाचा घोळ मिटेपर्यंत. काहींच्या महिनाभर अडकल्यात."

महिनाभरात आमचा बहार संपला असता. वाडीत दुसरी गाडी माझा माल न्यायला तयार झाली नसती. आता कोण दुसऱ्याचा माल घेणार? मीही घेत नव्हतेच की.

झेंडूच्या पिकअपचा मालक, टोपी घातलेला एक पोक्त माणूस, रस्त्याकडेच्या दगडावर बसून सगळं ऐकत होता. तो म्हणाला, "माझी गाडी बापाच्या नावावर. बाप जाऊन दोन वर्षं झाली. आता हे म्हणतात मालकाला आणा. कुठनं आणू?"

 साळवी साहेब वाईट माणूस नव्हते. जीपमधून पाण्याची बाटली काढून त्यांनी मला दिली आणि म्हणाले, "एक गोष्ट होऊ शकते. मालक इथं येऊन सांगतील की कुटुंब एकत्र आहे, माल घरचाच आहे, तर मी ते लिहून घेऊन सोडू शकतो. बोलवा त्यांना."

मी आधी घरी यांना फोन लावून सगळं सांगितलं.

"त्याला फोन करायचा नाही," हे म्हणाले. मागं कुत्रं भुंकत होतं, हे अंगणात असणार. "शालन, ऐकतीयस ना? त्याच्यापुढं हात पसरायचा नाही."

"अहो, माल उन्हात आहे."

"असू दे. गाडी गेली तर जाऊ दे."

"आणि उद्याची तोड? परवाची?"

फोन कट झाला. यांना राग आला की असंच व्हायचं.  मग बाटलीतलं पाणी गोणपाटावर शिंपडलं. ते पुरलं नाही, म्हणून चहाच्या टपरीवरून बादली मागून आणली. गाडीला एक फेरी घातली. खालची करंडी वर घेतली, वरची खाली ठेवली. त्यानं काही फरक पडत नव्हता, पण उभं राहवत नव्हतं. ऊन चालकाच्या बाजूनं वर चढत होतं आणि हौद्याची सावली रोडावत चालली होती.

अण्णांचा नंबर माझ्याकडं नव्हता. यांनी तो माझ्या फोनमधून स्वतः काढून टाकला होता. जाऊबाईंचा मात्र होता, माहेरच्या एका मैत्रिणीच्या नावाखाली. मी तो लावला.

"सगुणाबाई, अण्णा आहेत का जवळ?"

"ट्रॅक्टरवर आहेत. काय झालं गं? आवाज असा का?"

मी सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, "सांगते. येतील का न्हाई, ते मला म्हायती न्हाई."

पुढच्या टेम्पोवाल्यानं गयावया करून सुटका करून घेतली आणि तो गेला. आणखी तीन गाड्या अडवल्या, त्यातल्या दोन सोडल्या. साळवी साहेब दोनदा माझ्याकडं पाहून घड्याळाकडं पाहून गेले. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "बाई, क्रेन मागवू का?" मी म्हटलं, "थोडं थांबा." हे म्हणताना मी रस्त्याच्या वरच्या बाजूला बघत होते. कुठल्याही मोटारसायकलचा आवाज आला की बादली खाली ठेवायची, आणि ती पुढं निघून गेली की पुन्हा बादली उचलायची.

अण्णा आले तेव्हा मला आवाज ऐकूच आला नाही, कारण एक डंपर घाट चढत होता. मोटारसायकल उभी करून ते सरळ हौद्याशी गेले. पायाला शेतातली माती तशीच होती. माझ्याकडं पाहिलं नाही. गोणपाट उचललं, एक अंजीर काढलं, देठाशी दाबून बघितलं.

"टिकंल अजून," ते म्हणाले. मला की स्वतःला, कळलं नाही. चार वर्षांत माझ्यासमोर त्यांनी काढलेला हा पहिला शब्द होता.

साळवी साहेब त्यांना जीपच्या पलीकडं घेऊन गेले. मला दोघांची डोकी आणि खांदे तेवढे दिसत होते. साहेब बराच वेळ बोलत होते. एकदा त्यांनी हातानं माझ्या गाडीकडं दाखवलं, एकदा फाइलवर बोट ठेवलं. अण्णा मान खाली घालून ऐकत होते. मग त्यांनी मान हलवली. नाही म्हणून. साहेब पुन्हा काहीतरी बोलले. अण्णा काहीतरी म्हणाले, थोडकंच. साहेबांनी फाइल मिटली.

माझ्या मनात आलं, संपलं. नाही म्हणाले. आणि का म्हणू नये? ते इथं "एकत्र" म्हणाले असते तर कोर्टात त्यांचा दावा कुठं उभा राहिला असता? पुढच्याच आठवड्यात तारीख होती.

दोघे जीपला वळसा घालून आले. साहेबांनी मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "दौलत कामथे तुम्हीच?"

"व्हय."

"तुमच्यात वाटप झालंय का?"

झेंडूवाला दगडावरून उठून उभा राहिला. अण्णांनी टोपी काढली, घाम पुसला, पुन्हा घातली.

"न्हाई. वाटप न्हाई झालेलं. एकत्र हाय आम्ही. ही माझी भावजय. माल घरचा, गाडी घरची."

"हे लिहून द्याल?"

"द्या कागद."

बॉनेटवर कागद ठेवून त्यांनी सही केली. अण्णांची सही सावकाश व्हायची, प्रत्येक अक्षर वेगळं काढायचे ते. साहेबांनी मला सांगितलं, महिन्याच्या आत कार्यालयात येऊन नाव नीट करून घ्या, पुढच्या वेळी असं चालणार नाही.

मी गाडीत चढून त्यांच्यासाठी ड्रायव्हरच्या जागेवरून सरकायला लागले, तर अण्णा म्हणाले, "तूच चालव. शहरातल्या गर्दीत मला आता जमत न्हाई. माल उतरवायला मी येतो."

आम्ही घाट उतरायला लागलो. मला गाडी शिकवली ती याच माणसानं. यांना फिट यायच्या, डॉक्टरांनी गाडीला हात लावायचा नाही म्हणून बजावलं होतं. तेव्हा अण्णाच एका सकाळी तात्यांसमोर म्हणाले होते, "मग शालनला शिकवू." सुगी झालेल्या मोकळ्या रानात त्यांनी मला पिकअप फिरवायला लावली. ते बाजूला बसून, मी चुकले की नुसतं "हं" म्हणायचे. त्या दिवशी घाटाच्या तिसऱ्या वळणावर मी गिअर उशिरा टाकला, तर शेजारून आवाज आला, "हं."

मला हसू आलं आणि रडूही. मी रस्त्यावरची नजर काढली नाही.

"अण्णा, वकिलांना विचारायला हवं होतं तुम्ही."

"अंजीर थांबतंय का वकिलासाठी?"

एवढंच. आम्ही मार्केटला पोचलो. लिलाव संपत आला होता. थोडा माल मऊ पडला म्हणून बाजूला निघाला, बाकीचा गेला. अण्णांनी करंड्या उतरवल्या, मोकळ्या करंड्या परत रचल्या, आणि घाटमाथ्यावर मोटारसायकलीजवळ उतरून निघून गेले.

मी घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. झेंडूवाल्याचा मेहुणा आमच्याच वाडीतला निघाला.

हे दारातच उभे होते. चेहरा असा उजळलेला की मी घाबरले.

"एकत्र आहोत म्हणाला? आणि सही केली? कागदावर?"

"हो."

"मग झालं की! शालन, चार वर्षांची केस त्यानं स्वतःच्या हातानं संपवली. मी वकिलांना फोन केलाय. ते म्हणाले, त्या कागदाची नक्कल काढू, आणि तुझी साक्ष घालू. तू तिथं होतीस. तू एवढंच सांगायचं, की अण्णा हे माझ्यासमोर बोलले."

"त्यांनी आपली गाडी सोडवली."

"आपली? त्याच्या नावावर आहे ती. दंड त्यालाच बसला असता. स्वतःला वाचवलं त्यानं."

हे खोटं नव्हतं. कागदावर गाडी अण्णांची, तेव्हा कर आणि दंड त्यांच्याच नावानं निघाला असता.  मी करंड्या धुवायला बसले.

यांच्याबद्दल कुणाचा गैरसमज व्हायला नको. हे लोभी नव्हते. खालच्या मळ्यातल्या झाडांवर यांचा जीव होता, पण दावा झाडांसाठी नव्हता. तात्यांच्या दहाव्याला, भावकी जमलेली असताना, अण्णा बोलून गेले होते, "मुरलीला फिटा येतात. उद्या झाडाखाली पडला तर? मळा त्याच्याच्यानं व्हायचा न्हाई." हे तिथंच होते, पानं वाढत होते. हातातली पळी तशीच धरून उभे राहिले. दुसऱ्या दिवशी वकिलाकडं गेले. दाव्याच्या कागदांत ते वाक्य कुठंच नव्हतं, पण चार वर्षं यांच्या ताटात रोज तेच वाढलेलं असायचं.

पुढचे दिवस माझे कसे गेले ते मलाच माहीत. तोड चालू होती. चिकानं बोटं सोलवटली होती. मार्केटला जाताना घाटमाथ्यावरची ती रुंद जागा आली की पाय आपोआप ब्रेककडं जायचा. कुंपणापलीकडं अण्णा दिसले की मी नजर चुकवायची. साक्ष द्यायची नाही असं म्हणावं, तर नवऱ्याच्या विरुद्ध गेल्यासारखं. द्यावी, तर त्या माणसानं दिलेला शब्द त्याच्याच गळ्याला लावल्यासारखं. आणि मी जे बोलणार ते खरंच असणार होतं. तेच जास्त टोचत होतं.

तारीख पुढं ढकलली गेली. वकील म्हणाले, बरंच झालं, तोवर नक्कल मिळेल. हे मला म्हणाले, तू कार्यालयात जातेच आहेस नावाचं विचारायला, तेव्हा नकलेचा अर्जही देऊन ये.

कार्यालयात पिकअपवाल्यांची रांग बाहेर चिंचेपर्यंत आली होती. कुणाची गाडी भावाच्या नावावर, कुणाची मेलेल्या बापाच्या, कुणी मेहुण्याच्या कागदांवर घेतलेली. घरात एक गाडी आली की ती सगळ्यांची, असंच आम्ही धरून चाललो होतो. साळवी साहेबांनी मला ओळखलं आणि टेबलाशी बोलावलं.

"या. तुमचे दीर बरे आहेत ना?"

"बरे आहेत."

"विचित्र माणूस हो." ते फाइल चाळत बोलत होते. "त्या दिवशी मी त्यांना सोपी वाट सांगत होतो. म्हटलं, तुमचं कोर्टात चाललंय असं या बाई म्हणतात. मग तुम्ही एवढंच लिहून द्या, की वाटप झालंय आणि चार वर्षं गाडी माझ्या ताब्यात नाही. दंड, कर, सगळं ताबा असणाऱ्यावर जाईल. तुम्ही मोकळे. कोर्टातही तुम्हाला ते उपयोगी पडेल."

मी हातातले कागद टेबलावर ठेवले.

"मग ते काय म्हणाले?"

"म्हणाले, साहेब, भावाबद्दल चारचौघांत एकदा नको ते बोलून बसलो, ते अजून निस्तरतोय. आता लिहून बी देऊ का?" साहेबांनी मान वर केली. "काय बोलले होते ते?"

 नावाचे अर्ज घेतले आणि निघाले. नकलेचं मी विचारलं नाही.

घरी आले तेव्हा हे शेडमध्ये करंड्यांना पानं लावत होते. पान उलटं ठेवायचं, शिरा खाली, म्हणजे फळाला ओरखडा पडत नाही. मी समोर बसून पानं पुसून द्यायला लागले आणि सांगितलं. साहेबांनी काय वाट दाखवली, आणि अण्णांनी काय उत्तर दिलं. माझ्याकडचं काही घातलं नाही.

यांचा हात थांबला नाही. एक करंडी झाली, दुसरी घेतली. मग म्हणाले, "परत सांग."

मी परत सांगितलं.

"निस्तरतोय म्हणाला?"

"हो."

"असंच म्हणाला? हाच शब्द?"

"साहेबांनी सांगितला तो हाच."

हे उठून शेडच्या दाराशी गेले. तिथून खालचा मळा दिसायचा.  मी म्हटलं, "साक्षीला मी येईन. पण मग हेही सांगेन. विचारलं नाही तरी सांगेन."

"साक्ष नको," हे म्हणाले.

वकील चिडले. हातात आलेली केस कुणी सोडतं का, म्हणाले. हे ऐकून घेऊन आले. त्यानंतरही लगेच काही गोड झालं नाही. भाऊ भावाच्या गळ्यात पडला, असं काही आमच्याकडं होत नाही. सगुणाबाई आणि मीच निरोप ने-आण करायचो, आता लपून नाही एवढंच. तडजोड व्हायला पावसाळा गेला. खालचा मळा अण्णांकडं, विहिरीचं पाणी दोघांना, रस्त्याकडचा वरचा मळा आणि त्याच्यामागचं पड रान आम्हाला. मोजायला बसलं तर आमच्या वाट्याला थोडं कमीच आलं. यांनी मोजलं नाही.

राहिली पिकअप. साळवी साहेबांनी दोनदा मुदत वाढवून दिली होती. शेवटी एका सकाळी दोघे भाऊ आणि मी असे कार्यालयात गेलो. मी गाडी चालवत होते, दोघे शेजारी बसले होते, आणि दोघेही समोरच्या काचेतून रस्ता बघत होते.

खिडकीतल्या कारकुनानं विचारलं, "गाडी कुणाच्या नावावर करायची?"

"मुरलीच्या करा," अण्णा म्हणाले.

"अण्णांच्याच राहू दे," हे म्हणाले.

"अहो, मागं रांग आहे," कारकून म्हणाला. "एकच नाव लागेल. सवलत हवी तर त्याच नावावर शेत पाहिजे. चालवतं कोण गाडी?"

 मग अण्णांनी माझ्याकडं न बघताच हात केला. "ही."

"यांच्या नावावर जमीन आहे का?"

लग्न होऊन चौदा वर्षं झाली होती. माझ्या नावावर कोंबडीसुद्धा नव्हती. मी नाही म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात हे म्हणाले, "नाही. वरचा मळा लावतो तिच्या नावावर. किती दिवस लागतील तलाठ्याकडं?"

मी यांच्याकडं बघितलं. हे कारकुनाकडं बघत होते, जणू काही बियाण्याचा भाव विचारला असावा. अण्णा म्हणाले, "तलाठ्याला मी सांगतो. माझी हरकत न्हाई म्हणून लिहून देतो."

"पुढच्या महिन्यात या मग," कारकून म्हणाला. "पुढचे कोण?"

आम्ही बाहेर आलो.  उसाच्या गुऱ्हाळापाशी यांनी तीन ग्लास रस घेतला. अण्णांनी आपला ग्लास संपवला, तोंड पुसलं. आम्ही गाडीत बसलो. मी किल्ली फिरवली तेव्हा हे समोर बघत म्हणाले, "अण्णा, तुमच्या खालच्या मळ्यात तांबेरा दिसतोय. ओढ्याकडच्या ओळीला."

अण्णांनी मान वळवली. "तुला कुठनं दिसला?"

"शेडमधून दिसतो."

"आन् सांगायला कधी येणार होतास? पानं गळाल्यावर?"

"आता सांगितलं की."

"गंधक मारलंय मी."

"गंधकानं जात नाही तो. उशीर झालाय गंधकाला."

"तुला कुणी सांगितलं? तात्या गंधकच मारायचे."

"तात्यांच्या वेळेला तांबेरा वेगळा होता."

घाट लागला. वर जाईपर्यंत दोघे औषधावरून कडकडून भांडत होते, आणि दोघांच्या हातवाऱ्यांत गिअर टाकायला मला जागा पुरत नव्हती.